डालड्याच्या डब्यातलं गवत

"दार लाव!"

बरण्यांच्या खोलीत मी पाऊल टाकायच्या आतच मामाची हाक यायची. तो बाहेर ओसरीवर, आरामखुर्चीत, रेडिओ कानाशी. डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं, पण त्या दाराची बिजागरी किती कुरकुरली यावरून दार किती उघडं आहे हे त्याला बरोबर समजायचं.

"लावलंय रे."

"कडी?"

"कडीही लावली. आता बाहेरून कुलूप घाल, म्हणजे तुझं समाधान होईल."

मामा हसला. त्याला मी असं तोडून बोललेलं आवडायचं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात त्याचा जन्म गेला, मुलं चळचळा कापायची म्हणे त्याला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर माचीवाडीला पठाराच्या कडेशी हे कौलारू घर घेऊन राहिला, तो एका किड्यासाठी.

किडा कसला, जिऱ्याच्या दाण्याएवढा पतंग. तोही कुणी पाहिलेला नव्हता. पाहिली होती ती त्याची अळी. पावसाळा सरत आला की पठारावरच्या बुटक्या गवताच्या काही पात्यांवर पांढरट रेघ दिसते. पातं उन्हाकडे धरलं की त्या रेघेत, पात्याच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधे, एक चपटी पिवळसर अळी दिसते. ती आतलं हिरवं खात शेंड्याकडून बुडख्याकडे सरकते. खाणं तिथंच, राहणं तिथंच, घाणही तिथंच. दोन सालींच्या मधे तिचा सगळा संसार. तिचा पतंग झाला, तो हाती आला, टाचणीवर लागला, तरच त्याला नाव देता येतं. नुसत्या अळीला नाव देत नाहीत. मामाची सगळी तडफड त्या एका पतंगासाठी होती, आणि ऐन वेळी काचबिंदूनं त्याचे डोळे नेले.

म्हणून मी आले. बी.एस्सी. झाले होते, घरी बसले होते. आई म्हणाली, "एक पावसाळा जा. त्याचं आपल्याशिवाय आहे कोण? त्याचा पतंग निघाला की परत ये."

पतंग काही निघाला नाही. आता हा तिसरा पावसाळा संपत होता.

काम सोपं होतं. पठारावर जायचं, रेघेची पाती शोधायची, कात्रीनं कापून आणायची, काचेच्या बरणीत ओल्या कापसावर ठेवायची, तोंडाला मलमल बांधायची. मग रोज भिंगातून बघायचं. दोन दिवस अळी खायची, मग पातं सुरळी होऊन वाळायला लागायचं आणि अळी आतल्या आत आखडायची. तिला दुसऱ्या पात्यात घालता येत नाही. मरायचीच. मी मेलेली पाती केराच्या टोपलीत न टाकता परसात पुरत असे. हौसाबाई, आमच्याकडे भांड्याला आणि स्वैपाकाला यायची ती, मला हसायची.

"आवो ताई, गवताला कुनी मूठमाती देतं व्हय?"

"गवताला नाही, अळीला."

"अळीला तर आमी पायाखाली घालतो!"

खोलीच्या खिडक्यांना बारीक जाळी. दाराला आतून पडदा. चुकून एखादा पतंग निघालाच तर तो उडून जाऊ नये म्हणून दार क्षणभरही उघडं ठेवायचं नाही, हा मामाचा कायदा. आत वारा नाही, वास ओल्या कापसाचा. ज्या खोलीतून कधी काही निघालंच नाही, तिचा एवढा बंदोबस्त! मी मात्र दिवसाचे कितीतरी तास तिथं असायची. दुपारी बाहेर आले की डोळ्यांपुढे पांढऱ्या रेघाच रेघा यायच्या.

पहिल्या वर्षी मला बी.एड.ला जागा मिळाली होती. मामा म्हणाला, "ही खेप निघेल बघ, आठवडाभर थांब." मी थांबले. जागा गेली. दुसऱ्या वर्षी साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. तेव्हाही अळ्या भरात होत्या, तेव्हाही थांबले. या वर्षी जबलपूरच्या एका संशोधन संस्थेत किडे वाढवण्याच्या विभागात मला नेमलं होतं. शनिवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. त्यासाठी गुरुवारची दुपारची एस.टी. गाठायलाच हवी होती. ट्रंक भरून ठेवली होती.

मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती प्रवासाची नाही, हिंदीची नाही. मला साधी गवतातली अळी जगवता येत नाही, आणि मी किडे वाढवायच्या विभागात निघाले होते. तिथं चार दिवसांत माझं पितळ उघडं पडेल, असं मला मनापासून वाटत होतं. बुधवारी संध्याकाळी मी मामाजवळ ते बोललेसुद्धा.

"माझा हातच वाईट आहे रे मामा. मी ज्याला हात लावते ते मरतं."

"असं काही नसतं. हात बसायला वेळ लागतो."

"तीन वर्षं?"

"लागतात कुणाकुणाला." त्यानं रेडिओची कळ फिरवली. "म्हणून म्हणतो, घाई करू नकोस. ही बरण्यांतली खेप ताजी आहे. आठ दिवस थांब. एक पतंग काढून दाखव आणि मग ताठ मानेनं कुठंही जा. रिकाम्या हातानं गेलीस तर तिथले लोक तुला भांडी घासायला लावतील."

हे त्यानं अगदी मायेनं सांगितलं. खरंच होतं त्याचं. कोणत्या तोंडानं जाणार होते मी? रात्री जेवताना त्याला आमटीची वाटी हाताशी दिली, भातावर तूप वाढलं, आणि म्हटलं, "उद्याचं उद्या बघू." त्याचा चेहरा असा काही उजळला की मी समजून चुकले, मी पुन्हा थांबणार. ट्रंकेकडे पाहून मला रडू आलं. कुणी धरून ठेवलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं, सगळे माझ्याशी चांगलेच होते, आणि मला जिवंत भिंतीत चिणल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी मी धुणं वाळत घालायला परसात गेले. तिथं न्हाणीच्या पायरीवर एक जुना डालड्याचा डबा होता. त्यात गवताचा एक ठोंब. महिन्याभरापूर्वी पठारावर कात्री विसरून गेले होते. हातानं पाती तोडायला गेले तर अख्खा ठोंबच मुळासकट वर आला. टाकवेना. आणला आणि मातीत खोचून ठेवला. मामाला बोलले नव्हते, कारण कुंडीत लावू का असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, तेव्हा तो एकदम उखडला होता. "कुंडीत मुंग्या येतात. मातीबरोबर बुरशी येते. बरणीतच ठेवायचं, समजलं?" मुंग्यांचं ऐकून मी तो डबा पाण्याच्या परातीत ठेवला, घरात साखरेचा डबा ठेवतात तसा. मग त्याच्याकडे फारसं लक्षही गेलं नाही. हौसाबाईच पाणी घालत असावी.

पातळाचा पदर पिळताना माझी नजर त्या ठोंबावर गेली. दोन-तीन पात्यांवर पांढऱ्या रेघा होत्या. रेघा लांब, पार बुडख्यापर्यंत उतरलेल्या. बरणीतली रेघ कधीच एवढी लांब होत नसे. मी पातळ तसंच तारेवर टाकलं आणि खाली बसले. एका रेघेच्या टोकाला बारीक चीर होती. आत अळी नव्हती.

खाली, देठावर, एक रिकामं टरफल चिकटलं होतं. तांदळाच्या कणीएवढं. आणि त्याच्या वर, त्याच देठावर, तो बसला होता. पंख अंगाला लपेटून, अगदी स्वस्थ.

मी श्वास रोखला. फुंकरीनंही उडाला असता. कमरेला खोचलेली काचेची नळी काढली, ती मी सवयीनं जवळ ठेवतच असे, हळूच त्याच्यावर उपडी धरली. तो दोन पावलं चालला आणि नळीत शिरला. मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि धावत सुटले. धुण्याची बादली लाथेनं कलंडली.

"मामा! मामा, निघाला! निघाला रे!"

मला वाटलं होतं तो खुर्चीतून उठेल. हात पुढे करील. तो हललाच नाही. रेडिओवर भावगीत चाललं होतं, तेही त्यानं बंद केलं नाही.

"कुठल्या बरणीत?" त्यानं विचारलं.

"बरणीत नाही. मागं डब्यात ठोंब लावला होता मी. तू रागावशील म्हणून बोलले नाही. त्या डब्यात निघाला!"

"देठावर होता ना कोश?" मामा हळू म्हणाला. "मातीपासून दोन बोटं वर. डोकं आभाळाकडे. कमरेला एक बारीक धागा बांधून घेतलेला."

"हो, तसाच! धागाही आहे अजून, टरफलाला. मी आत्ता..."

आणि मी थांबले.

धाग्याबद्दल मी त्याला सांगितलं नव्हतं. मी स्वतःही तो धागा नीट बघितला नव्हता, त्यानं म्हटल्यावर आठवला. बरणीत एकही अळी कोश करेपर्यंत जगली नव्हती. मग कोश कुठं असतो, कसा असतो, डोकं कुणीकडे असतं, हे त्याला कुणी सांगितलं?

"तुला कसं माहीत?"

त्याचा हात रेडिओकडे गेला.

"मामा, तुला कसं माहीत?"

त्यानं चाचपत रेडिओ बंद केला. "तू यायच्या आदल्या वर्षी निघाला होता एक," तो म्हणाला. "कुंडीत. तेव्हा मला थोडं दिसत होतं. कोश पाहिला मी, भिंगातून. पतंग निघाला तोही पाहिला, म्हणजे काहीतरी राखी हललेलं दिसलं. मारला, टाचणीवर घ्यायला गेलो. बोटांखाली त्याची पूड झाली. मग तुझ्या आईला कळवलं, की कुंदाला पाठव."

"म्हणजे कुंडीत निघतो हे तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि बरणीत निघत नाही हेही."

"कापलेलं पातं वाळतं. उभ्या देठाशिवाय तो कोश करत नाही." वर्गात सांगावं तसं सांगितलं त्यानं, आणि मग त्याचा आवाज गेला. "हो. माहीत होतं."

माझ्या हातातल्या नळीत पतंग फिरत होता. मी ती फोडली नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. अंगाचा नुसता भडका उडाला होता.

"तीन वर्षं मी अळ्या मारत होते! तुझ्या सांगण्यावरून! वर माझा हात वाईट, मला जमत नाही, म्हणून तुझ्यापुढे रडत होते, आणि तू मला सांगत होतास हात बसायला वेळ लागतो! काल रात्री सांगितलंस! काल!"

"सांगितलं."

"का?"

"पतंग निघाला असता तर तू गेली असतीस."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. तो काहीतरी सारवासारव करील, मग मी आणखी ओरडेन, असं मी धरून चालले होते.

"पहिल्या वर्षी वाटलं, एक वर्ष," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला कुंडीत लावायला सांगू. मग सकाळी तुझ्या बांगड्या वाजायच्या. तू तणतणायचीस. मला दार लाव म्हणून ओरडायला कुणीतरी होतं. दिसेनासं झाल्यापासून घर फार मोठं झालंय, कुंदे. मी भिंत धरून चालतो आणि भिंत संपतच नाही. मला भीती वाटते."

"मग तसं सांगायचं होतंस! राहा म्हणायचं होतंस!"

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

तोच प्रश्न मी त्यानंतर कित्येकदा स्वतःला विचारलाय, आणि दर वेळी वेगळं उत्तर आलंय.

समोर बसलेला हा माणूस आयुष्यभर ज्या एका पतंगामागे होता, तो त्यानं दर वर्षी हाताशी आलेला असताना घालवला होता. मला ठेवून घेण्यासाठी. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच संताप आला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

हौसाबाई दारात येऊन उभी होती, हातात कलंडलेली बादली. काय झालं ते तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं. "ताई, येष्टीची येळ होतीया," ती म्हणाली. "जायाचं हाय का न्हाई?"

"जायचंय," मी म्हटलं.

मामानं मान हलवली. "त्याला आधी मार," तो म्हणाला. "नळीत फडफडला तर खवले झडतील. पंख पसरून ठेव. मग जा. एवढं करून जा, असं मी म्हणत नाही. माझ्यासाठी करू नकोस. पण इतकी वर्षं घालवलीस, तर तो तुझ्या हातानं नीट लागू दे."

मी बरण्यांच्या खोलीत गेले. मागून हाक आली नाही. मारायच्या बाटलीत पतंग सोडला, तो शांत झाला. मग भेंडाच्या पट्टीवर केसाएवढी टाचणी, भिंग, मऊ कुंचला. असा जिवंत निघालेला पतंग मी जन्मात कधी लावला नव्हता. मामाच्या जुन्या पेट्यांतल्या डासांवर आणि चिलटांवर सराव केला होता तेवढाच. माझा हात थरथरला नाही. पंख एकेक करून उघडले, जणू ते वाटच बघत होते. एकही खवला गेला नाही. मला जमत होतं. तीन वर्षं मला जमतच होतं.

मामा भिंत धरून दारापर्यंत आला होता. आत पाऊल टाकलं नाही. लहान मुलानं देवघराबाहेर उभं राहावं तसा उंबऱ्याशी थांबला.

मी त्याला काही सांगणार नव्हते. हे मी ठरवलं होतं. त्यानं माझी तीन वर्षं घेतली, मी त्याला पतंग कसा दिसतो हे सांगणार नाही. पण तो काही विचारेचना. नुसता उभा होता, मान थोडी वाकडी करून, कान माझ्याकडे.

"राखी आहे," मी शेवटी म्हटलं. "चुलीतल्या राखेसारखा, फिकट. पुढच्या पंखावर दोन ठिपके, चांदीचे. एक मधोमध आणि एक टोकाशी. कडेला झालर. झालर पंखापेक्षा रुंद आहे. उजेडात जांभळट दिसते."

"मागच्या पंखाला?"

"पंख कसला, काडीच आहे. सगळी झालरच."

"हां," मामा म्हणाला. "हां." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. मग म्हणाला, "त्याला तुझं नाव द्यायचं ठरवलं होतं मी. पहिल्याच वर्षी."

"माझं नाव नको. माझं काही म्हणून या घरात ठेवू नकोस."

हे मी फार कडू बोलले. पण खरं बोलले. त्यानं फक्त मान डोलवली.

मी पतंगाची डबी ट्रंकेत, कपड्यांच्या घड्यांत ठेवली. ती घेऊन जा, असं त्यानंच सांगितलं. इथं ठेवून तो काय करणार होता? जबलपूरला पोचले आणि पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांच्या टेबलावर ती उघडली, पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी निघताना मी परसातून डालड्याचा डबा उचलला आणि ओसरीवर नेला.

"डब्यात अजून दोन अळ्या आहेत," मी म्हटलं. "कुठं ठेवू?"

"माझ्या खुर्चीपाशी ठेव. परात आण खाली, मुंग्या येतील."

"आणलीय."

त्यानं हात पुढे करून डबा चाचपला. मग पाती, अगदी हळू, वरून खाली. एका पात्यावर त्याचं बोट थांबलं. रेघ बोटाला लागली असावी.

"निघतील तेव्हा दिसणार नाहीत तुला," मी म्हटलं.

"नाही दिसणार," तो म्हणाला. "जातील आपले."

हौसाबाईनं वळकटी डोक्यावर घेतली. "दादांची काळजी करू नगा," ती मला म्हणाली. "म्या हाय न्हवं. माझी सून निजायला यील." मी मामाला वाकून नमस्कार केला. मामानं डोक्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा लवकर उचलला, मुद्दाम उचलला असं मला वाटलं.

जाताना मी बरण्यांची खोली ओलांडली. तिचं दार सताड उघडं होतं. पडदाही मीच बाजूला सारला होता, आणि पंख पसरायचं काम झाल्यावर खिडकीची जाळीही काढून ठेवली होती. पठारावरचा वारा आत शिरला होता, बरण्यांवरची मलमल हलत होती. मी अंगणात उतरले, फाटकाशी पोचले, आणि पाय आपोआप अडखळले. कान मागे लागले होते. आता हाक येईल. आणि हाक आली तर मी परत फिरून दार लावीन, मग ट्रंक खाली ठेवीन, हे मला स्पष्ट दिसलं.

"कुंदे!"

मी वळले नाही. फाटकाची लाकडी पट्टी घट्ट धरून उभी राहिले.

"एस.टी.त खिडकीची जागा धर!" मामा खुर्चीतूनच ओरडला. "घाटात मळमळतं तुला!"

"बरं!" मी ओरडले.

मग मी बराच वेळ थांबले. हौसाबाई पुढं जाऊन परत आली. तो आणखी काही बोलला नाही. वारा चालला होता, आणि त्या उघड्या दाराची बिजागरी मला फाटकापर्यंत ऐकू येत होती. त्याला तर ती ऐकू येतच असणार.